परतीचं तिकीट एकाचंच

माझ्या कामात पहिला संशय नकाशावर घ्यायचा. फोनमधली बाई गोड आवाजात सांगते, पुढे डावीकडे वळा, आणि डावीकडे बघावं तर धरणाचं पाणी. रस्ता बुडून कैक वर्षं झाली, पण बाईंना कुणी कळवलेलं नाही. दुसरा संशय "रस्ता एकदम चांगला आहे" असं सांगणाऱ्यावर घ्यायचा, कारण तो बहुतेक मोटारसायकलवर गेलेला असतो. तिसरा हॉटेलच्या फोटोंवर. आणि चौथा गिऱ्हाइकावर. या चौथ्याबद्दल आमच्या धंद्यातले लोक बोलायला कचरतात. मी आता घरीच बसलेली आहे, त्यामुळे बोलते.

भुसावळ स्टेशनाबाहेर आमचं एका खोलीचं ऑफिस होतं. टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर मीच काढलेला मोठा नकाशा. मी मूळची धुळ्याची, देवपूरची. नवरा रेल्वेत, म्हणून भुसावळला आले आणि पंचवीसेक वर्षं त्या खोलीत बसून परक्या लोकांच्या सहली आखल्या. माझ्या सासूबाईंना हे काम शेवटपर्यंत पटलं नाही. "लोकायले रस्ता सांगायचं बी काम असते का?" असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायच्या.

असतं. रेल्वेने येणारे लोक अजिंठ्याची लेणी बघून परत गाडीत बसायचे. इथे एवढं मोठं तापीचं खोरं पसरलंय, एका अंगाला सातपुडा, दुसऱ्या अंगाला अजिंठ्याची रांग, हे त्यांच्या गावीही नसायचं. उत्तरेतून दक्खनेत उतरणारे व्यापारी, फौजा, बैरागी सगळे याच खोऱ्यातून गेले आणि वाटेवर किल्ले, सराया, बारवा, देवळं ठेवून गेले. ते सगळं गाडीतून दोन-तीन दिवसांत कसं दाखवायचं, हे ठरवणं माझं काम.

त्यासाठी अंतर मोजून भागत नाही. सातपुड्यातल्या पालच्या चढावर ऊन कोणत्या बाजूने येतं, म्हातारी माणसं कुठे बसवायची, केळीची कापणी चालू असेल तर रावेरजवळ ट्रक आणि ट्रॅक्टर किती वेळ अडवतील, बायकांना जाता येईल असा संडास कुठे आहे, फोनची रेंज कुठे जाते आणि गेली तर जवळ माणूस कोण, हे सगळं आधी स्वतः जाऊन बघायचं. मी परतीचा रस्ता आधी आखायचे आणि मग जायचा. जाताना माणूस ताजा असतो, काहीही चालवून घेतो. परतताना तो दमलेला असतो आणि त्याला घर दिसत असतं.

या सगळ्यात माझ्याबरोबर होते रामदास आबा. साक्रीकडच्या गावातले, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, कमी बोलणारे ड्रायव्हर. गिऱ्हाइकाशी शहरी मराठी बोलायचे, माझ्याशी अहिराणी. गिऱ्हाईक गाडीत बसलं, की पहिल्या पाच किलोमीटरात आबांचं मत व्हायचं आणि ते पहिल्या चहाला माझ्या कानावर यायचं.

एकदा चौघे जण आले, पक्षी बघायचेत म्हणाले. दुर्बीण एकाकडेही नव्हती. आबांनी सामान ठेवताना एका लांब पिशवीला हात लावून बघितला आणि मला बाजूला घेतलं. आत कुदळ होती. जुन्या देवळांच्या पायथ्याशी गुप्तधन शोधत फिरणारी मंडळी आमच्याकडे कमी नाहीत. मी हसतमुखाने त्यांना वनखात्याच्या नाक्यावरून जाणारा रस्ता आखून दिला. ते नाक्यावरूनच माघारी फिरले आणि पुन्हा दिसले नाहीत.

दर वेळी माझं बरोबर ठरायचं असंही नाही. पन्नाशीचं एक जोडपं आलं. "ओळखीचं कुणी भेटणार नाही असा रस्ता पाहिजे," बाई म्हणाल्या आणि पुरुषाने मान खाली घातली. हे नवरा-बायको नाहीत, असं मी मनात पक्कं करून टाकलं. तीन दिवसांनी आबा आले ते पोट धरून हसतच. बाईंना गाडी चालवायला शिकायचं होतं आणि नणंदा-जावांसमोर चुकायची लाज वाटत होती. नवरा शेजारी बसून शिकवत होता आणि आबा तीन दिवस मागच्या सीटवर जीव मुठीत धरून बसले होते.

या गोष्टी मी हसत सांगते. एक मात्र हसत सांगता येत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी एका कुटुंबाची सहल आखली होती. पाच जण, त्यात एक आजोबा, डोळ्यांनी अधू. वाटेत एका जत्रेत थांबायचं त्यांनीच सुचवलं. गाडी तेव्हा दुसऱ्याची होती, ड्रायव्हरही दुसरा. पंधरा दिवसांनी त्या ड्रायव्हरकडून सहज कळलं, की जाताना पाच जण होते आणि येताना चार. "आजोबा पाहुण्यांकडे थांबले," असं त्यांनी सांगितलं होतं आणि ड्रायव्हरने मानलं होतं. मी जत्रेच्या गावी जाऊन चौकशी केली. एक आंधळा म्हातारा तीन दिवस देवळाच्या पायऱ्यांवर बसला होता, एवढं लोकांना आठवत होतं. पुढे तो कुठे गेला, हे कुणालाच सांगता आलं नाही. रस्ता मी आखून दिला होता. त्या दिवसापासून मी जाणारी माणसं मोजते आणि येणारीही मोजते.

आता अविनाशची गोष्ट. नाव बदललेलं आहे.

दिवाळी होऊन गेली होती, सकाळी गारवा पडायला लागला होता. पुण्याहून फोन आला. आवाज शांत, शिकलेल्या माणसाचा. "आईला सातपुडा दाखवायचाय. तिचं माहेर तिकडचं, चोपड्याच्या बाजूचं. आता तिथे कुणी नाही. तिला विस्मरणाचा आजार आहे, तर म्हटलं एकदा डोंगर तरी बघू दे."

मला बरं वाटलं. मी दोघांसाठी तीन दिवस आखायला घेतले. पहिल्या दिवशी तापी-पूर्णेचा संगम आणि चांगदेवाचं जुनं देऊळ, मग रावेरवरून पाल. दुसऱ्या दिवशी डोंगर उजव्या हाताला ठेवून यावल, चोपडा. तिसऱ्या दिवशी काय, हे त्याने स्वतःच सांगितलं. डोंगराच्या पायथ्याला देवीचं एक ठाणं आहे. नाव लिहीत नाही, तिथली माणसं चांगली आहेत आणि त्यांना उगाच त्रास नको. तिथे येईल त्याला दुपारचं जेवण मिळतं आणि राहील त्याला कोपरा मिळतो.

"तिथे रोज जेवण असतं ना? म्हणजे वर्षभर?" त्याने विचारलं.

"असतं."

"आणि राहायला ओळखपत्र मागतात का?"

"तुमच्याकडे आधार कार्ड असेलच की."

"हो, हो. सहज विचारलं."

मी म्हणाले, "परतीची तिकिटं काढून ठेवू का? त्या सुमारास गाड्यांना गर्दी असते."

"नको. माझं परतीचं मी बघेन."

फोन ठेवला आणि मी वहीत त्या दोघांच्या नावापुढे एकच शब्द लिहिला, 'माझं'. त्याच्याखाली रेघ मारली. आईला घेऊन येणारा माणूस 'आमचं' म्हणतो. बोलण्याच्या ओघात जीभ घसरते, हेही मी स्वतःला सांगून पाहिलं. तरी दुसऱ्या दिवशी त्याला कळवलं, की नवीन रस्ता नजरेखालून घालायचाय, म्हणून मीही गाडीत असेन. तो म्हणाला, "तशी गरज नव्हती. पण या."

भुसावळला सकाळच्या गाडीने ते उतरले. अविनाश पंचेचाळिशीचा, दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. आई, सुमनबाई, ठेंगण्या आणि गोऱ्या, नऊवारी नेसलेल्या. त्याच्या खांद्याला एक लहान बॅग, एका दिवसाची असते तशी. आईची बॅग मात्र मोठी आणि फुगलेली. आबांनी उचलताना चेन अर्धवट उघडी होती ती लावली, तेव्हा मला आत रजई दिसली, दोन स्वेटर आणि औषधांची पाकिटं, एकावर एक रचलेली. तीन दिवसांच्या सहलीला माणूस रजई आणत नाही.

मी सुमनबाईंच्या शेजारी मागे बसले, अविनाश पुढे. संगमावर त्या पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या. आबांनी अविनाशला म्हटलं, "द्या मोबाइल, मायलेकरांचा फोटो काढतो." तो म्हणाला, "राहू द्या." तीन दिवसांत त्याने आईचा एकही फोटो काढला नाही. डोंगराचेही नाही. पण तिची चप्पल निसटली, की वाकून तोच घालायचा. तिला घास भरवायचा, तोंड पुसायचा, हे सगळं न बघता, हाताला सवय झालेल्या माणसासारखं. त्यामुळे माझा संशय दर तासाला इकडून तिकडे जायचा.

पहिल्या चहाला आबा म्हणाले, "ताई, मानूस गोड बोलस, पन मायकडे देखत नही." माणूस गोड बोलतो, पण आईकडे बघत नाही. मलाही तेच दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी रावेर मागे पडलं आणि उजव्या हाताला सातपुडा उघडा झाला. केळीच्या बागांवरून तो निळा, सलग दिसत होता. सुमनबाई आदल्या दिवसभर गप्प होत्या. त्यांनी एकदम काच खाली करायला लावली आणि माझ्या हातावर थाप मारली. "हाऊ डोंगर मना शे!" हा डोंगर माझा आहे.

आबांनी आरशात बघितलं. "माय, तू कोनता गावनी?"

बाईंनी गावाचं नाव सांगितलं. मग विहिरीचं, चिंचेचं, एका बैलाचं. आबा विचारत होते आणि बाई अहिराणीत धडाधडा बोलत होत्या. मला दोन्हीकडचं कळत होतं. बैल पाण्यात बसायचा, म्हणून त्याचं नाव म्हशा ठेवलं होतं, हे सांगताना त्या इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला.

अविनाश मागे वळून बघत होता. "हे असंच चालतं," तो थकलेल्या आवाजात म्हणाला. "दोन वर्षं झाली. काहीही बडबडते. डॉक्टर म्हणाले, भाषा गेलीय."

"अहो, भाषा गेलेली नाही," मी म्हणाले, "ही अहिराणी आहे."

"असेल. आमच्या घरी ती कधीच बोलली नाही. माझ्या आजीला ती भाषा गावंढळ वाटायची, म्हणून बाबांनी लग्नानंतर बंद करायला लावली होती म्हणे." आणि तो पुन्हा पुढे बघायला लागला.

दुपारी चोपड्याच्या अलीकडे एका ओळखीच्या घरी जेवायला थांबलो. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी. सुमनबाई मांडी घालून बसल्या आणि स्वतःच्या हाताने जेवल्या. भाकरी मोडायला वाकल्या, तेव्हा त्यांच्या गळ्यातला काळा दोरा बाहेर आला. त्याला प्लास्टिकचं पाकीट होतं, शाळेतल्या मुलांना असतं तसं. विस्मरणाच्या माणसाच्या गळ्यात नाव, पत्ता, फोन लिहिलेलं कार्ड घालतात, ते त्यासाठीचं. पाकीट रिकामं होतं.

मी आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "मावशींचं कार्ड कुठेय?"

"भिजलं," अविनाश ताटाकडे बघत म्हणाला. "नवीन करायचंय."

भिजू शकतं. पण प्लास्टिक आतून कोरडं होतं आणि त्यावर पाण्याचा एक डाग नव्हता.

जेवणानंतर मी आबांना म्हटलं, "उद्या किल्ली गाडीला ठेवू नका. खिशात ठेवा." मग मी अंगणात जाऊन देवीच्या ठाण्याच्या व्यवस्थापकांना फोन केला. माझी त्यांची जुनी ओळख. मी सांगितलं, असा असा माणूस येतोय, मला वाटतं तो आईला सोडून जाणार, लक्ष ठेवा. हे सांगताना मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं. या वेळी मोजणीत चूक होणार नाही, असं काहीसं. त्या फोनचं काय झालं, ते पुढे येईलच.

तिसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला पोचलो. लाल माती, सागाची झाडं, देवळाच्या मागे डोंगराची उभी कड. जेवणाची पंगत अजून बसायची होती. सभामंडपाच्या सावलीत पाच-सहा बायका सुपांत तांदूळ निवडत होत्या. सुमनबाईंनी त्यांना बघितलं आणि कुणी न बोलावता त्यांच्यात जाऊन बसल्या. एकीने त्यांच्यापुढे सूप सरकवलं. अविनाशने ते लांबून बघितलं. मग आईची मोठी बॅग काढून भक्तनिवासाच्या ओसरीवर नेऊन ठेवली आणि मला म्हणाला, "मी प्रसाद घेऊन येतो."

मी खांबाआड उभी राहिले. तो देवळात गेला नाही. मागच्या बाजूने फिरून गाडीपाशी आला आणि आबांच्या शेजारी बसला.

मी गाडीजवळ पोचले, तेव्हा तो म्हणत होता, "चला आबा. मला चोपड्याला सोडा, मी बस पकडतो. ताई आईबरोबर थांबतील थोडा वेळ. माझं बोलणं झालंय."

आबांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. "साहेब, माय बसल्याबिगर गाडी हालणार नाही."

"मी सांगतोय ना, बोलणं झालंय!"

"माझ्याशी काहीच बोलणं झालेलं नाही," मी खिडकीतून म्हणाले. "आईला टाकून चाललात ना? लाज नाही वाटत? नालायक माणूस!"

मी मोठ्याने बोलले. मला मोठ्यानेच बोलायचं होतं. माझ्या फोनमुळे व्यवस्थापक आणि गावातले चार-पाच जण लक्ष ठेवूनच होते, ते धावत आले. एकाने दार उघडून अविनाशला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि काही कळायच्या आत दुसऱ्याने त्याच्या कानफटात मारली. त्याचा चष्मा मातीत पडला. तिसऱ्याने मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. अविनाशने हात वर केला नाही, की काही बोलला नाही. मार खायलाच आल्यासारखा उभा राहिला.

आबा खाली उतरले. त्यांनी शूटिंग करणाऱ्याचा मोबाइल हाताने खाली केला, लोकांना मागे सारलं, चष्मा उचलून धोतराला पुसला आणि अविनाशच्या हातात दिला. "बसा," ते म्हणाले. तो गाडीच्या पायरीवर बसला.

"हो," तो माझ्याकडे बघून म्हणाला. "सोडणार होतो. कार्ड मीच काढलं. ट्रेनमध्येच."

त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला.

"बायको गेली माहेरी, दोन वर्षं झाली. नोकरी सुटली. मी सहा वर्षं आईला अंघोळ घालतोय. रात्री झोपत नाही ती. तेही चाललं असतं." तो रडायला लागला. "पण ती मला ओळखत नाही हो. दिवसभर मला आंडोर, आंडोर म्हणून हाक मारते. आमच्या घरात या नावाचं कुणी नव्हतं. मामाही नाही, कुणीच नाही. मी म्हणतो, आई, मी अविनाश. ती म्हणते, आंडोर. कुणा परक्या माणसाच्या नावाने मी दोन वर्षं..."

मी आबांकडे बघितलं. आबा माझ्याकडे.

शेवटी आबाच त्याच्यासमोर उकिडवे बसले. "साहेब, आंडोर हे नाव नाही. आमच्याकडे आंडोर म्हणजे लेक. पोरगा. मुलीला आंडेर म्हणतात, मुलाला आंडोर. ती तुम्हाला पोरा म्हणते."

अविनाश त्यांच्याकडे बघत राहिला. कळलं नाही असं वाटलं, म्हणून मी म्हणाले, "तिला तुमचं नाव आठवत नाही. तुम्ही कोण, ते आठवतं."

ज्याने मारलं होतं, तो माणूस कधी निघून गेला, ते कळलं नाही. मग अविनाश उठला, ओसरीवर गेला, मोठी बॅग उचलली आणि मंडपाकडे चालू लागला. मी मागे गेले. खरं सांगते, तेव्हाही मी त्याच्यावर लक्ष ठेवायलाच गेले होते.

सुमनबाईंनी तांदळातून मान वर केली. त्याला बघितलं, सूप खाली ठेवलं आणि शेजारच्या बाईला कोपराने ढोसून म्हणाल्या, "देख, मना आंडोर उना. माले लेवाले उना."

बघ, माझा मुलगा आला, मला न्यायला आला. हे त्याला भाषांतर करून सांगावं लागलं नाही.

परतीच्या प्रवासात अविनाश मागे बसला, आईच्या शेजारी. भुसावळला मी दोन तिकिटं काढून ठेवली होती. प्लॅटफॉर्मवर मी एक जाड कार्ड त्याच्यासमोर धरलं. त्याने एका बाजूला स्वतःचं नाव, पत्ता, फोन लिहिला. दुसऱ्या बाजूला मी माझा नंबर लिहिला. कार्ड पाकिटात घालून पाकीट मीच सुमनबाईंच्या पदराखाली सारलं. त्याने ते बघितलं आणि मान हलवली. गाडी सुटताना मी त्याला म्हणाले, "त्या थोबाडीत माझ्यामुळे बसली. मी आधीच फोन करून ठेवला होता." तो म्हणाला, "माहितीये." एवढंच. माफ केलं, असंही म्हणाला नाही.

ती थोबाडीत मला अजून टोचते. मी आबांसारखं नुसती किल्ली खिशात ठेवून थांबले असते तरी भागलं असतं. मी लोक गोळा केले. गोळा केलेले लोक पुढे कुणाचं ऐकत नाहीत, हे मला त्या वयात कळायला हवं होतं.

पण संशय माझा गेला नाही, तोही सांगते. माणूस एकदा रडला म्हणून बदलतो, यावर माझा विश्वास नाही. रात्रीची जागरणं, अंघोळी, एकटेपणा, सगळं पुण्यात तसंच वाट बघत होतं. मी पंधरा दिवसांनी फोन केला. "मावशींना द्या." त्याने दिला. त्या आबांच्या बैलासारखा एखादा बैल मी पाहिला का, असं विचारायला लागल्या. म्हशा बैल खरं तर त्यांच्याच माहेरचा होता, पण मी हो म्हणाले. पुन्हा पंधरा दिवसांनी केला. कधी आबा शेजारी असले, तर ते अर्धा तास बोलायचे. अविनाशने त्यांच्याकडून शब्द विचारून घेतले आणि फ्रिजवर चिकटवले, असं एकदा म्हणाला. मी म्हटलं, छान. पण मनात म्हटलं, फ्रिज मी कुठे बघितलाय.

उन्हाळ्यात एकदा फोन केला, तर म्हणाला, "झोपलीये." दोन दिवसांनी केला, "झोपलीये." चौथ्या दिवशीही तेच. माझी भाची पुण्यात असते, तिला मी त्याच संध्याकाळी पाठवलं. सोसायटीच्या पाणीपट्टीचं काहीतरी कारण सांगून जा म्हटलं. भाची गेली, तर दाराला बाहेरून कुलूप. आतून कुणाचा तरी आवाज येत होता. तिने मला तिथूनच फोन लावला आणि मी इकडे खुर्ची धरून उभी. दहा मिनिटांनी अविनाश भाजीची पिशवी घेऊन जिना चढून आला. तिने काहीबाही सांगितलं, तरी त्याने दार उघडून तिला आत घेतलं. सुमनबाई पलंगावर होत्या. केसांना तेल, नखं कापलेली, पायाला प्लास्टर. बाथरूममध्ये पडल्या होत्या आणि औषधामुळे दिवसा झोपत होत्या. फ्रिजवर कागद होता. आंडोर सगळ्यात वर लिहिलेलं होतं.

रात्री जेवायच्या वेळेला त्याचा फोन आला. "ताई, ती मुलगी तुमचीच ना?"

मी खोटं बोलायची तयारी केली होती, पण जमलं नाही. "हो. मावशी पडल्याचं तुम्ही का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला वाटलं असतं, मीच..." तो थांबला. मला तसंच वाटलं असतं. अजूनही थोडं वाटत होतं.

"मला राग आला नाही," तो म्हणाला. "उलट सांगायला फोन केलाय. त्या मुलीला पुन्हा पाठवा. मला न कळवता पाठवा. परवा आई रात्रभर ओरडत होती, तेव्हा माझ्या डोक्यात पुन्हा देवीचं ते ठाणं आलं. बसची वेळही बघितली. मग वाटलं, ताई फोन करतील, आणि विचारतील. ताई, मला माझा भरवसा नाही. तुम्ही संशय घेणं सोडू नका."

ऑफिस बंद करून मला आता बराच काळ झाला. भिंतीवरचा नकाशा आबांच्या नातीने शाळेला नेला. इतक्या माणसांच्या सहली आखल्या, त्यातल्या कुणाचाही नंबर मी जपून ठेवला नाही, हा एक सोडून. मी अविनाशला फोन करते. वार ठरवून नाही, कधीही करते. तो नमस्कार-चमत्कार करत नाही, थेट आईला देतो. आणि कधी म्हणाला, "झोपलीये," तर मी म्हणते, "उठवा."

तो उठवतो.